किंग्स्टन ते मोरँट बे

जमैका म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? मायकेल होल्डिंग, कोर्टनी वॉल्श, ख्रिस गेल, उसेन बोल्ट आणि अर्थातच बॉब मार्ली. बहुतेकांचं जमैकाज्ञान इथेच आटोपतं, माझंही बरीच वर्षं आटोपत होतं :) सबायना पार्क ज्या किंग्स्टन शहरात आहे, त्याच शहरात ड्यूक स्ट्रीटवर १९६० पासून जमैकाची संसद भरते. इमारतीचं नाव गॉर्डन हाऊस. ज्या गॉर्डनच्या नावाने ही इमारत उभी आहे, त्याला त्याच बेटाच्या सरकारने राजद्रोहाच्या आरोपाखाली फासावर लटकवलं होतं. जळून कोळसा झालेल्या एका कोर्टाच्या कमानीला. हा माणूस त्या वेळी तिथल्या विधिमंडळाचा निवडून आलेला सभासद होता.

जॉर्ज विल्यम गॉर्डन हे नाव 'क्रांतिवीर' या खणात नीट बसत नाही, आणि मला त्याच्यात रस वाटायचं कारणही तेच. तो कधी बंदूक घेऊन डोंगरात गेला नाही. तो मळेवाला होता, अडत्या-व्यापारी होता, गळ्यापर्यंत कर्जात होता, बायबल वाचणारा आणि लोकांना वाचून दाखवणारा होता. अर्ज, ठराव, फिर्यादी, नियम क्रमांक अमुक आणि कलम तमुक यांवर त्याचा दांडगा विश्वास. म्हणजे व्यवस्थेच्या आत बसून व्यवस्थेशी भांडणारा माणूस. अशा माणसाला संपवायचं तर नुसती गोळी घालून भागत नाही, आधी कायद्याची एक जागा शोधावी लागते. ती कशी शोधली गेली, याची ही गोष्ट.

गॉर्डनचा जन्म साधारण १८२० चा. वडील जोसेफ गॉर्डन हे स्कॉटिश. इंग्लंडात राहणाऱ्या मळेमालकांचे मुखत्यार म्हणून ते जमैकात आले आणि पुढे स्वतःच चेरी गार्डन नावाच्या मोठ्या मळ्याचे मालक झाले. विधिमंडळाचे सभासदही झाले. आई अ‍ॅन रॅट्रे ही मिश्रवर्णीय गुलाम स्त्री. 'गुलाम आईचं मूल गुलाम' हा तिथला कायदा, बाप कोण आहे याला किंमत नाही. पण बापाने या मुलाला मळ्यावर जुंपलं नाही. साधारण दहाव्या वर्षी त्याला ब्लॅक रिव्हर गावी जेम्स डेली या त्याच्या धर्मपित्याकडे पाठवून दिलं. लिहिणं, वाचणं, हिशेब हे सगळं पोरगं बरंचसं आपलं आपणच शिकलं.

हा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. १८३० मध्ये जमैकातल्या मुक्त मिश्रवर्णीयांना कायद्याने गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क मिळाले. १८३४ मध्ये गुलामगिरी कागदोपत्री संपली आणि १८३८ मध्ये खरोखरची संपली. मधली चार वर्षं 'उमेदवारी' या गोंडस नावाखाली त्याच मळ्यांवर त्याच लोकांना राबवून घेतलं गेलं. ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. गुलामांना नव्हे, मालकांना. (ते कर्ज ब्रिटिश करदात्यांनी पूर्णपणे फेडलं कधी, तर २०१५ साली. हे मी दोनदा तपासून पाहिलं.) या बदलाच्या ऐन मध्यावर, १८३६ मध्ये, गॉर्डनने किंग्स्टनमध्ये शेतमालाचं दुकान टाकलं. धंदा तुफान चालला. १८४२ पर्यंत त्याची ऐपत दहा हजार पौंडांची समजली जाऊ लागली आणि त्याच पैशातून त्याने बहिणींना शिकायला युरोपात पाठवलं. पुढे जमैकाच्या म्युच्युअल आयुर्विमा सोसायटीच्या संस्थापकांतही तो होता. लग्न केलं ते लूसी नावाच्या एका गोऱ्या बाईशी.

आणि बाप? गुलाम मजूर गेल्यावर, शिवाय १८४६ नंतर इंग्लंडने जमैकाच्या साखरेचं संरक्षण काढून घ्यायला सुरुवात केल्यावर, बरेच मळेवाले बुडाले. जोसेफ गॉर्डनही बुडाले. चेरी गार्डन गहाण पडलं. तोवर त्यांनी एका गोऱ्या बाईशी रीतसर लग्न करून दुसरा संसार थाटला होता आणि त्या घराचे दरवाजे या मुलाला काही उघडे नव्हते. तरीही गहाण सोडवलं ते याच मुलाने. सावत्र आई आणि सावत्र भावंडांचा भार त्यानेच उचलला. आपल्याकडच्या मालिकेत हे वीस एपिसोड चाललं असतं. गॉर्डनच्या बाबतीत ही गोष्ट मला वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाची वाटते. सूड वगैरे त्याच्या डोक्यात नव्हताच. गोऱ्या जमीनदारांच्या जगात आपल्याला बरोबरीची खुर्ची हवी आणि ती नियमाप्रमाणे हवी, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

जमीन त्याने भरपूर घेतली, अनेक मळे. त्यातल्या काहींचे तुकडे पाडून मुक्त झालेल्या काळ्या शेतकऱ्यांना स्वस्तात विकले. थोडक्यात प्लॉटिंग केलं, पण बिल्डरच्या भावाने नाही. या छोट्या शेतकऱ्यांचा माल बाजारात बऱ्या भावाने जावा अशी सोयही लावायचा प्रयत्न केला. मात्र त्याला दानशूर संत करण्यात अर्थ नाही. यातले कितीतरी मळे कर्ज काढून घेतलेले होते, आणि १८६५ पर्यंत तो देण्यांत पुरता बुडालेला होता. तोंडाचाही फटकळ. विधिमंडळात बोलायला उभा राहिला की समोरच्याची सालं काढायचा.

त्या विधिमंडळाबद्दल दोन शब्द. बेटावर वस्ती साडेचार लाखांच्या आसपास, त्यात काळे लोक प्रचंड बहुसंख्य. मतदार दोन हजारांहून कमी. कारण मतासाठी मालमत्तेची आणि कराची अट. आता असल्या सभागृहातून गोरगरिबांची बाजू मांडायची म्हणजे काय होणार? १८४० च्या दशकात गॉर्डन पहिल्यांदा निवडून आला, मग बराच काळ बाहेर होता, आणि १८६३ मध्ये 'सेंट थॉमस इन द ईस्ट' या पूर्वेकडच्या परगण्यातून परत आला. त्याच्यासाठी मतं गोळा करणारा माणूस होता पॉल बोगल. स्टोनी गट नावाच्या डोंगरातल्या खेड्यातला छोटा जमीनधारक, काळा, साक्षर, आणि त्या परगण्यातल्या मूठभर काळ्या मतदारांपैकी एक. १८६१ च्या धार्मिक लाटेत गॉर्डन बॅप्टिस्ट झाला होता. बोगलही बॅप्टिस्ट, त्याच्या गावात स्वतःचं छोटं प्रार्थनाघर चालवणारा. राजकारण आणि प्रार्थना असं दुहेरी नातं जुळलं.

गॉर्डनचं नष्टचर्य सुरू झालं ते एका कोठडीपासून. १८६२ मध्ये तो मानद मॅजिस्ट्रेट होता. मोरँट बेच्या कोठडीत एका आजारी, निराधार माणसाला नेऊन टाकलं होतं. तो घाणीत पडून मेला. गॉर्डनने थेट गव्हर्नरकडे तक्रार केली आणि तिथल्या पाद्रीसाहेबांचं नाव घेतलं. चौकशीत कोठडीची अवस्था वाईट असल्याचं निघालंच. पण गव्हर्नरने काढून टाकलं कोणाला? तक्रार करणाऱ्याला. मॅजिस्ट्रेटपद गेलं. (कुठल्याही मोठ्या कंपनीत काम केलेल्यांना इथे काही ओळखीचं वाटलं तर तो निव्वळ योगायोग समजावा.)

हा गव्हर्नर म्हणजे एडवर्ड जॉन एअर. जेन एअरमधलाच एअर. तरुणपणी ऑस्ट्रेलियाचं रखरखीत वाळवंट पायी तुडवलेला नामांकित शोधक. तिथलं सगळ्यात मोठं खारं सरोवर अजूनही त्याचं नाव, आता मूळच्या काटी थंडा या नावाला जोडून, मिरवतंय. तिथल्या आदिवासींशी त्या काळाच्या मानाने तो बऱ्यापैकी माणुसकीने वागला होता, असं जाणकार सांगतात. तोच माणूस जमैकात आल्यावर असा का वागला, यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली आहेत. मला त्यातलं साधं उत्तर पटतं. ऑस्ट्रेलियात त्याला विरोध करणारं निसर्गाशिवाय कोणी नव्हतं. जमैकात एक मिश्रवर्णीय व्यापारी सभागृहात उभा राहून तोंडावर त्याला क्रूर आणि सत्तेला हपापलेला म्हणत होता.

परगण्यातही तेच. तिथल्या स्थानिक मंडळावर गॉर्डन निवडून आला तर तिथला मुख्य दंडाधिकारी, बॅरन फॉन केटेलहोट नावाचा जर्मन सरदार, म्हणाला की हा तर बॅप्टिस्ट, चर्च ऑफ इंग्लंडच्या पदावर याला बसता येत नाही. गॉर्डनला सभेतून अक्षरशः बाहेर काढलं गेलं. त्याने काय केलं? केटेलहोटवर फिर्याद ठोकली. हा खटला १८६५ मध्येही रेंगाळत चालू होता.

१८६५ साल उजाडलं ते दुष्काळ घेऊन. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडून येणारं धान्य आणि कापड महाग झालेलं, मळ्यांवर मजुरी कमी आणि तीही वेळेवर नाही. लंडनच्या बॅप्टिस्ट मिशनचे सचिव एडवर्ड अंडरहिल यांनी जानेवारीत वसाहतमंत्री कार्डवेल यांना जमैकातल्या उपासमारीबद्दल पत्र लिहिलं. ते पत्र बेटावर पोहोचलं आणि गावोगाव सभा सुरू झाल्या. लोकांनी त्यांना नावच पाडलं, 'अंडरहिल सभा'. काही सभांचा अध्यक्ष गॉर्डन. याच सुमारास सेंट अ‍ॅन परगण्यातल्या गरीब शेतकऱ्यांनी राणीला अर्ज केला की सरकारी पडीक जमीन आम्हाला कसायला द्या. राणीच्या नावाने उत्तर आलं. त्याचा मथितार्थ असा, की मळ्यांवर नेटाने आणि सातत्याने मजुरी करा, त्यातच तुमचं भलं आहे. एअरला हे उत्तर इतकं आवडलं की त्याने त्याच्या ५०,००० प्रती छापून बेटभर वाटल्या.

ऑगस्टमध्ये मोरँट बेला सभा झाली. ठराव झाले. ते घेऊन बोगल आणि काही शेतकरी सत्तरेक किलोमीटर चालत राजधानीला, स्पॅनिश टाउनला गेले. गव्हर्नरने भेट नाकारली. तेवढंच अंतर चालत परत.

पुढचं वेगाने घडलं. ७ ऑक्टोबरला मोरँट बेच्या कोर्टात ओसाड पडलेल्या मळ्याच्या जमिनीवर घुसखोरी केल्याच्या खटल्यावरून गडबड झाली. बोगलवर वॉरंट निघालं. १० तारखेला पोलीस स्टोनी गटला गेले तर गावकऱ्यांनी त्यांनाच धरलं. त्या दिवशीही या लोकांनी गव्हर्नरला एक अर्ज पाठवलाय, आमच्यावर अन्याय होतोय, संरक्षण द्या म्हणून! ११ ऑक्टोबरला बोगल काही शे लोक घेऊन मोरँट बेच्या कोर्टावर आला. आत स्थानिक मंडळाची बैठक चालू होती. दगडफेक झाली, स्वयंसेवक शिपायांनी गोळीबार केला, जमावातले सात जण पडले. मग जमाव पेटला आणि कोर्टही पेटलं. अधिकारी आणि शिपाई मिळून अठरा जण मारले गेले. त्यात केटेलहोटही होता.

एअरने १३ ऑक्टोबरला सरी या पूर्वेकडच्या काउंटीत मार्शल लॉ पुकारला. हा शब्द मराठी माणसाला १९३० च्या सोलापूरमुळे परका नाही. जमैकात त्याचा अर्थ काय झाला ते नंतरच्या शाही चौकशी आयोगाच्या आकड्यांतच बघा. ४३९ माणसं ठार. किमान ६०० जणांना फटके, त्यात बायकाही, आणि काही ठिकाणी आसुडांत तारा गुंफलेल्या. १,००० घरं जाळली. सैन्याला प्रतिकार जवळजवळ झालाच नाही. इंग्रज वर्तमानपत्रांत आणि मळेवाल्यांच्या बोलण्यात त्या दिवसांत एक शब्द वारंवार येतो, 'कानपूर'. १८५७ ला आठच वर्षं झाली होती. हिंदुस्थानात काय झालं होतं ते आठवा, असं एकमेकांना सांगत हे सगळं चाललं होतं.

आता गॉर्डनकडे येऊ. ११ तारखेला तो मोरँट बेला नव्हताच. खरं तर मंडळाच्या त्या बैठकीला तो जायचा, पण आजारी असल्याने तिकडे, किंग्स्टनच्या बाजूला राहिला. म्हणून वाचला. आणि तेच त्याच्याविरुद्ध गेलं! हा नेमका त्याच दिवशी कसा गेला नाही, म्हणजे याला आधीच माहीत असणार, असा युक्तिवाद. गेला असता तर जमावात सामील, नाही गेला तर कटात सामील. यातून सुटायचं कसं ते मला तरी सुचत नाही.

आपल्या नावाचं वॉरंट आहे असं कळल्यावर १७ ऑक्टोबरला गॉर्डन स्वतःहून किंग्स्टनमध्ये सेनापती ओकॉनर यांच्या घरी हजर झाला. पळाला नाही, लपला नाही. नियमाप्रमाणे चौकशी होईल आणि आपण सुटू असा त्याचा हिशेब असावा, आणि किंग्स्टनमध्ये तो हिशेब बरोबरच होता. कारण मार्शल लॉच्या जाहीरनाम्यात एक अपवाद होता. सरी काउंटी, किंग्स्टन शहर वगळून. किंग्स्टनमध्ये कोर्टं चालू होती, न्यायाधीश होते, ज्युरी होती, वकील होते. तिथे खटला चालवला असता तर पुरावा दाखवावा लागला असता.

एअरने त्याला 'वुल्व्हरीन' या युद्धनौकेवर चढवलं आणि स्वतः बरोबर जाऊन मोरँट बेला नेलं. दोन्ही गावांत अंतर पन्नासेक किलोमीटर. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनवर सगळे चेक चालू होते, म्हणून रेकॉर्डच उचलून अशा सर्व्हरवर नेलं जिथे सगळे चेक बंद करून ठेवलेत. कायदा मोडला नाही. माणसाला कायद्याच्या हद्दीबाहेर नेऊन ठेवलं. सगळी केस या एका जलप्रवासात आहे असं माझं मत आहे, त्यापुढे जे झालं तो निव्वळ उपचार.

तो उपचार असा. २० तारखेला जहाज पोहोचलं. २१ तारखेला, शनिवारी, कोर्ट मार्शल. न्यायासनावर तिघे जण: नौदलाचे दोन लेफ्टनंट आणि पायदळाचा एक एन्साइन. अध्यक्ष लेफ्टनंट ब्रँड. कायद्याचं शिक्षण कोणाचंच नाही. आरोप राजद्रोहाचा आणि बंडखोरांशी संगनमताचा. पुराव्यात काही साक्षीदारांचे जबाब, त्यातले काही साक्षीदार समोर हजरच नाहीत. शिवाय त्याची पत्रं, सभेची भित्तिपत्रकं, भाषणं. वकील नाही. सहाएक तासांत सगळं आटोपून फाशी.

आणि आता इथे थांबा. शिक्षा शनिवारी झाली, पण अंमल सोमवारी. का, तर मधे रविवार. प्रभूच्या दिवशी फाशी देण्याइतकी काही घाई नाही, असं ब्रिगेडियर नेल्सनने ठरवलं. खटल्याचे कागद एअरकडे गेले, त्याची लेखी संमती परत आली. म्हणजे कागद पाठवायला वेळ होता, उत्तराची वाट बघायला वेळ होता, रविवार पाळायलाही वेळ होता. मग रीतसर ज्युरीपुढे उभं करायलाच तेवढा वेळ का नव्हता? आणीबाणी होती म्हणून मार्शल लॉ, हा एअरचा सगळा बचाव. तो बचाव त्या एका रविवारने मोडतो.

२३ ऑक्टोबर १८६५ च्या सकाळी नेल्सनने गॉर्डनला सांगितलं की तासाभरात तुला फाशी आहे. त्याने तो तास बायकोला पत्र लिहिण्यात घालवला. या बंडाचा सल्ला मी दिला नाही आणि त्यात भागही घेतला नाही, तक्रार असेल त्याने ती सनदशीर मार्गाने मांडावी एवढंच मी सांगत आलो, असं त्यात आहे. मित्रांची आठवण आहे, देण्याघेण्याची काळजी आहे. मग त्याला जळक्या कोर्टाच्या कमानीखाली नेलं. बोगलला त्याच दिवशी मरून लोकांनी पकडून दिलं. मरून म्हणजे मळ्यांवरून पळून डोंगरात स्वतंत्र राहिलेल्या गुलामांचे वंशज, ज्यांनी १७३९ मध्ये इंग्रजांशी तह केला होता. त्या तहानुसार ते सरकारच्या बाजूने उतरले. बोगलला दुसऱ्या दिवशी फाशी झाली.

गॉर्डन दोषी होता का? बोगलशी त्याचं नातं जवळचं होतं, सभांतली भाषा गरम होती, आणि आपल्या बोलण्याने डोंगरातल्या माणसांच्या मनात काय पेटतंय याचा त्याला अंदाज नसेल असं मी म्हणणार नाही. पण हे सगळं मान्य केलं तरी कट सिद्ध होत नाही. शाही आयोगानेही जवळपास तेच म्हटलं. त्याच्या बोलण्यामुळे लोक चिथावले असतील, पण मोरँट बेच्या घटनेत किंवा बंडाच्या व्यापक कटात त्याचा हात असल्याचा पुरेसा पुरावा नाही. एअरच्या सुरुवातीच्या तत्परतेचं आयोगाने कौतुक केलं, मात्र मार्शल लॉ गरजेपेक्षा जास्त लांबवला आणि शिक्षा अतोनात दिल्या हेही नोंदवलं. १८६६ मध्ये एअरला पदावरून दूर केलं.

इंग्लंडात यावरून जी फूट पडली ती वाचताना अजूनही मजा वाटते, कारण आपल्या ओळखीची सगळी नावं दोन टोकांना उभी. एअरवर खुनाचा खटला भरा म्हणणाऱ्या 'जमैका कमिटी'चा अध्यक्ष जॉन स्टुअर्ट मिल. त्याच्या बाजूला डार्विन, हक्सले, स्पेन्सर, जॉन ब्राइट. एअरच्या बचाव फंडाच्या बाजूला कार्लाइल, रस्किन, टेनिसन, आणि... चार्ल्स डिकन्स. ऑलिव्हर ट्विस्टवाला डिकन्स! मिलला खुनाच्या धमक्यांची पत्रं यायला लागली. १८६८ च्या निवडणुकीत तो पडला.

खटला उभा राहिलाच नाही. १८६७ मध्ये नेल्सन आणि ब्रँड यांच्यावर गॉर्डनच्या खुनाचा आरोप ठेवला गेला. सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी ग्रँड ज्युरीपुढे सुमारे सहा तास विवेचन केलं. ज्या पुराव्यावर गॉर्डनला फाशी दिली तो कुठल्याही नीट चालणाऱ्या कोर्टात टिकला नसता, असं स्वच्छ सांगितलं. ज्युरीने तरीही खटला पुढे जाऊ दिला नाही. पुढच्या वर्षी एअरच्या बाबतीतही तेच. १८७४ मध्ये एअरला पेन्शन सुरू झाली आणि तो १९०१ पर्यंत इंग्लंडच्या खेड्यात निवांत जगला.

शेवटी दावा लावला तो अलेक्झांडर फिलिप्स नावाच्या एका जमैकन माणसाने, ज्याला या धुमाकुळात पकडून फटके मारले होते. तोही हरला. कारण तोवर जमैकाच्या विधिमंडळाने एक इंडेम्निटी अ‍ॅक्ट, म्हणजे मार्शल लॉच्या काळात सरकारी माणसांनी केलेलं सगळं माफ करणारा कायदा, करून ठेवला होता. त्याला गव्हर्नर म्हणून मंजुरी कोणाची? एअरची स्वतःची. इंग्लंडच्या कोर्टाने १८७० मध्ये सांगितलं की मंजुरी चालते, आणि जमैकात जे कायद्याने माफ झालंय त्याची भरपाई इंग्लंडात मागता येत नाही. 'फिलिप्स विरुद्ध एअर' हा निकाल ब्रिटनमध्ये १९९५ पर्यंत, परदेशात घडलेल्या आगळिकीचा दावा कुठल्या कायद्याने चालवायचा, या प्रश्नावरचा पाया होता. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो पाठ असतो. फिलिप्सच्या पाठीचं काय झालं ते कोणाला माहीत नसतं.

आणि हा प्रकार समुद्रापार राहिला असंही नाही. १९१९ मध्ये पंजाबातल्या मार्शल लॉनंतर इथल्या सरकारनेही असाच इंडेम्निटी अ‍ॅक्ट केला. आपल्या राज्यघटनेतलं ३४ वं कलम कधी सवडीने वाचा. मार्शल लॉ असलेल्या भागात सुव्यवस्थेसाठी केलेल्या कृत्यांना माफी देण्याचा आणि तिथे दिलेल्या शिक्षा वैध ठरवण्याचा अधिकार त्यात संसदेला दिलेला आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच आहे ते कलम.

जमैकाच्या विधिमंडळाने १८६५ च्या डिसेंबरात आणखी एक गोष्ट केली. स्वतःलाच बरखास्त करून घेतलं. काळे लोक बहुमताने येण्याची भीती इतकी, की दोनशे वर्षं जुनं सभागृह मळेवाल्यांनी आपल्या हाताने लंडनला देऊन टाकलं. प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळायला १९४४ साल उजाडलं.

मला खटकते ती एक बाब मात्र राहते. मेले ४३९, लंडनमध्ये खुनाचा खटला भरायचा प्रयत्न झाला तो प्रामुख्याने गॉर्डनच्या नावाने. कारण उघड आहे. त्याच्याकडे जमीन होती, नाव होतं, इंग्लंडातल्या धर्मबंधूंशी पत्रव्यवहार होता, आणि त्याला मारताना कागद तयार झाले होते. झोपडीच्या दारात गोळी घातलेल्या माणसाचा कागदच नाही, तर खटला कशावर भरणार? गॉर्डनचा यात दोष नाही. मिलचाही नाही. पण ज्या मालमत्तेच्या अटीने बोगलच्या शेजाऱ्यांना मत नाकारलं, तीच अट मेल्यावरही लागू राहिली.

स्वतंत्र जमैकाने दोघांनाही राष्ट्रवीर केलं. २०१८ मध्ये संसदेने, गॉर्डन हाऊसमध्येच, कायदा करून दोघांच्या कपाळावरचे गुन्हे पुसले. नाण्यांवरही दोघे आले. गॉर्डन दहा डॉलरच्या नाण्यावर, बोगल दहा सेंटच्या. दहा सेंटचं नाणं महागाईत कवडीमोल झालं म्हणून त्याच २०१८ साली चलनातून काढून टाकलं.